घामाचा हिशेब
शहरातली जनावरं : लेखांक 9

मोटारींच्या कारखान्यांनी भरलेल्या पिंपरी-चिंचवडच्या या पट्ट्यात घोड्याला आता काम काय उरलं, असं कोणी विचारलं तर त्याला चैत्रात एकदा चाकणच्या बाजूला न्यावं. खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळ या तालुक्यांतल्या बैलगाडा शर्यतींत घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, बारी (एक धाव) सुटते तेव्हा बैलांच्या पुढे घोडी धावत असते. आकुर्डीतून बजाजच्या रिक्षा बाहेर पडू लागल्या आणि पुण्यातले टांगे हळूहळू संपले, हे खरं. पण घोडा गेला नाही, त्याची कामं बदलली. लग्नसराईत तो चिंचवड-पिंपरीच्या रस्त्यावर नवरदेवाला पाठीवर घेऊन बँडच्या मागे उभा असतो. ज्येष्ठात तुकोबांच्या पालखीबरोबर देहूहून आकुर्डीच्या मुक्कामी येतो. पिंपरीत हाफकिनच्या आवारात तर तो धावतही नाही, ओझंही वाहत नाही, तरी माणसांचे जीव वाचवतो.

गावोगावच्या जत्रा, लग्नाच्या तिथी आणि वारीचं प्रस्थान हे सगळं चैत्र ते ज्येष्ठ या ऐन उन्हाळ्याच्या काळात येतं. पंचांग करणाऱ्यांनी घोड्याचा विचार केला नव्हता, एवढं नक्की.

उन्हाळ्यात घोड्याची खरी अडचण त्याच्या आकारात आहे. 70 किलो वजनाच्या माणसाच्या अंगावर साधारण 1.8 चौरस मीटर कातडी असते. 450 किलोच्या घोड्याच्या अंगावर ती असते सुमारे 5 चौरस मीटर. वजन सहापटीहून जास्त, कातडी मात्र तिपटीलाही पोचत नाही. उष्णता तयार होते ती स्नायूंत आणि बाहेर पडते ती मुख्यतः कातडीतून. त्यातच स्नायूंनी खर्च केलेल्या ऊर्जेचा जेमतेम पाव हिस्सा प्रत्यक्ष धावण्याच्या कामी येतो, उरलेल्या सगळ्याची उष्णता होते. कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकतो, म्हैस डबक्यात जाऊन बसते. घोडा मात्र माणसासारखाच घामावर विसंबून आहे.

आणि तो घामतोही सढळ. उन्हात जोराचं काम पडलं तर तासाला 10 ते 15 लिटर. मानेवर, खोगिराच्या कडेला, मांड्यांच्या मध्ये जो पांढरा फेस दिसतो तो याच घामाचा. घोड्याच्या घामात साबणासारखं काम करणारं एक प्रथिन असतं. केसाळ अंगावर घाम थेंबाथेंबाने ओघळून न जाता पातळ पसरावा आणि लवकर वाळावा, यासाठी निसर्गाने केलेली ही सोय. ओघळून गेलेला घाम फुकट जातो. उष्णता नेतो तो वाळणारा घाम.

या घामात आणखी एक खोच आहे. माणसाचा घाम रक्ताच्या मानाने अळणी असतो. पाणी जास्त जातं, मीठ कमी. मागे उरलेलं रक्त खारट होतं आणि मेंदू तहानेची वर्दी देतो. घोड्याच्या घामात मीठ भरपूर असतं. पाणी आणि मीठ बरोबरीने जात राहिल्यामुळे रक्ताचा खारटपणा फारसा वाढत नाही आणि तहान पुरेशी जागी होत नाही. पखालभर पाणी अंगातून गेलेला घोडा भरलेल्या बादलीकडे पाहून तोंड फिरवतो, ते यामुळे. ‘दाखवलं पाणी, प्यायला नाही, म्हणजे तहान नसेल’ हा निष्कर्ष घोड्याच्या बाबतीत सपशेल चुकीचा ठरतो. चंदीत रोज मूठभर मीठ घालण्याची जुन्या मोतद्दारांची पद्धत शरीरशास्त्राला धरूनच होती. विश्रांतीतल्या घोड्याला दिवसाला 25 ते 30 ग्रॅम मीठ लागतं, कामाच्या घोड्याला उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट आणि कधी त्याहूनही जास्त. मीठ पाण्यात कालवून द्यायचं असेल तर शेजारी साध्या पाण्याची बादलीही हवी, नाहीतर तो दोन्हींकडे पाठ फिरवतो.

मग घोड्याला सर्वांत वाईट दिवस कोणते? सहज उत्तर येईल, एप्रिलच्या शेवटचे. पुण्याच्या वेधशाळेतला 43.3 अंशांचा उच्चांकही 30 एप्रिलचाच आहे, 1897 सालचा. पण इथे पारा थोडी दिशाभूल करतो. अमेरिकेतल्या घोडेवाल्यांत एक आडाखा प्रचलित आहे : फॅरनहाइटमधलं तापमान आणि हवेतल्या दमटपणाची टक्केवारी यांची बेरीज करायची. 130 च्या आत असेल तर घोडा स्वतःला थंड करू शकतो, 150 च्या पुढे जपून, 180 च्या पुढे काम बंद. आता एप्रिलमधली चिंचवडची कोरडी दुपार घेऊ. 104 अंश आणि 20 टक्के दमटपणा, बेरीज 124. जूनच्या पहिल्या आठवड्यातली ढगाळ, कोंदट संध्याकाळ घेऊ. 90 अंश आणि 70 टक्के, बेरीज 160. पारा 14 अंशांनी उतरला आणि धोका वाढला, कारण दमट हवेत घाम वाळत नाही.

आडाखा म्हणजे कायदा नव्हे. त्यात डोक्यावरचं ऊन नाही, वारा नाही, खालच्या डांबराची आच नाही. एप्रिलची 124 ही बेरीज सावलीत उभ्या असलेल्या घोड्यापुरती खरी. उन्हातल्या घोडीला ती लागू करणं म्हणजे स्वतःची फसवणूक. तरीही त्यातला मुद्दा पक्का आहे, आणि वारीच्या घोड्यांना तो सर्वांत जास्त लागू पडतो.

ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचे अश्व येतात बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी तालुक्यातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांच्या वाड्यातून. हैबतबाबा आरफळकरांनी पालखी सोहळ्याला आजचं रूप दिलं तेव्हापासून हा मान त्यांच्याकडे आहे. दोन घोडे, एकावर स्वार आणि दुसरा माउलींचा, म्हणून त्याच्यावर कोणी बसत नाही. अंकली ते आळंदी हे सुमारे 300 किलोमीटर अंतर ते पायी चालत येतात आणि मग पंढरपूरची वाट धरतात. अधिक महिन्याच्या फेऱ्यामुळे प्रस्थानाची इंग्रजी तारीख पुढे-मागे होत राहते. 2023 साली ते 11 जूनला होतं, म्हणजे अश्व अंकलीहून निघाले ते पाऊस सुरू होण्याआधी. त्या वर्षी मोसमी वारे केरळातच 8 जूनला पोचले. तुकोबांची पालखी त्याच 11 जूनला आकुर्डीत होती, वर ढग आणि खाली तापलेला जुना मुंबई-पुणे रस्ता. अशा दिवसांत पहाटे चालणं आणि ऊन चढायच्या आत विसावा घेणं, हा वाटचालीचा जुना शिरस्ता घोड्याच्या सोयीचा आहे. मेंढरांबरोबर फिरणाऱ्या धनगरांचं बिऱ्हाड वाहणारे भीमथडी घोडेही अशीच चाल चालतात.

शर्यतीतल्या घोडीचं दुखणं वेगळं. 2014 च्या बंदीनंतर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये महाराष्ट्रात शर्यतींना परवानगी दिली. मे 2022 मध्ये तर खुद्द शहरात, चिखली-जाधववाडीत, मोठी शर्यत भरली. बारी असते काही सेकंदांची. एवढ्यात घोडं तापून तापून किती तापणार, असं वाटतं. पण बैलांच्या जोड्या बदलत जातात आणि घोडी बऱ्याचदा तीच असते. एका धावेची उष्णता अंगातून पुरती जायच्या आत दुसरी धाव येते, मग तिसरी, आणि मधला वेळ जातो तो उन्हात, पाठीवर खोगीर तसंच ठेवून. घोड्यांच्या लांब पल्ल्याच्या आंतरराष्ट्रीय शर्यतींत टप्प्यावर पशुवैद्य नाडी मोजतो. ठरलेल्या वेळात ती साधारण 64 च्या खाली आली नाही तर घोडा बाद, मग तो पहिला का आलेला असेना. आपल्याकडच्या घाटात सेकंद मोजणारे आहेत, बक्षिसात मोटारी देणारे आहेत. घोडीची नाडी मोजायला एक माणूस आणि एक घड्याळ पुरे.

वरातीच्या घोडीला धावावं लागत नाही, आणि तीच तिची अडचण. चालत्या घोड्याच्या अंगावरून थोडी तरी हवा फिरते. ही दोन-दोन तास जागच्या जागी उभी, अंगावर मखमली झूल, बाजूला जनरेटर आणि दिव्यांच्या माळा, पायाखाली दिवसभर तापलेलं डांबर. सूर्य मावळला तरी डांबर निवायला वेळ लागतो. झुलीखाली घाम येतो खरा, पण वाळायला जागाच नसते. पांढऱ्या घोडीला मागणी जास्त आणि तिच्या नाकपुड्यांभोवतीची गुलाबी कातडी उन्हाने भाजते. तिथे झिंकचं मलम लावतात. झूल सुती घेतली आणि ती मिरवणूक सुरू होताना टाकली, तासाभरापूर्वी नव्हे, तर नवरदेवाच्या थाटात काडीचाही फरक पडणार नाही.

पिंपरीतला घोडा या सगळ्यांहून निराळा. 1899 साली परळला प्लेगच्या संशोधनासाठी सुरू झालेल्या प्रयोगशाळेतून पुढे हाफकिन संस्था आणि 1975 मध्ये तिचं औषधनिर्मिती महामंडळ उभं राहिलं. सर्पदंशावरच्या औषधासाठी घोड्यांना नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्या विषाच्या अगदी बारीक मात्रा चढत्या क्रमाने टोचतात. घोड्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होतात आणि काढून घेतलेल्या रक्तातल्या द्रवापासून औषध बनतं. आता, स्नायूंतली आणि पोटातली उष्णता कातडीपर्यंत वाहून आणतं ते रक्तच. म्हणून रक्त देणाऱ्या घोड्याला उन्हाळ्यात सावली आणि पाणी कमी पडून चालत नाही.

तापलेल्या घोड्याला थंड कसं करायचं, यावर तबेल्यांत जितके मोतद्दार तितकी मतं. गार पाणी एकदम अंगावर ओतलं तर स्नायू आखडतात, तापल्या अंगी पाणी पाजलं तर पोट धरतं, अशा समजुती जगभर होत्या. 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये रानवाटेच्या (क्रॉस-कंट्री) शर्यतीनंतर घोड्यांची दमछाक पाहून टीका झाली. 1996 ला अटलांटाच्या दमट उन्हाळ्यात स्पर्धा होत्या, म्हणून आधी प्रयोग झाले आणि बर्फाचं पाणी ओतूनही घोड्यांचे स्नायू आखडले नाहीत, उलट ते लवकर सावरले. टोकियो ऑलिंपिकच्या वेळी जपानी संशोधकांनी आणखी एक जुनी सवय तपासली. पाणी ओतायचं, पट्टीने निपटायचं, पुन्हा ओतायचं, ही ती सवय. त्यांना आढळलं की नळीने सलग पाणी सोडत राहणं जास्त परिणामकारक. 2021 मध्ये त्याच टोकियोत बंगळूरचा फवाद मिर्झा आपल्या घोड्यासह अंतिम फेरीत पोचून 23 वा आला. त्याआधीची रानवाटेची फेरी उन्हामुळे सकाळी लवकर ठेवली होती.

पिण्याचंही तसंच. काम संपल्यावर लगेच थोडं-थोडं पाणी देणं चांगलं, कारण तेवढा वेळ तहान जागी असते. अंग निवल्यावर बहुतेक घोडे पीत नाहीत. नुसत्या उभ्या घोड्याला दिवसाला 25 ते 40 लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट. ते कमी पडलं की आतड्यात कोरडा कडबा अडकतो आणि पोटशूळ उठतो, जो घोड्याच्या जिवावर बेततो.

तबेला हा या औद्योगिक पट्ट्यातला दुखरा भाग. कारखान्यांतून निघालेले पत्रे स्वस्त मिळतात, म्हणून छप्पर पत्र्याचं, तेही बेताच्या उंचीचं. दुपारी पत्रा वरून भाजतो. त्यावर उसाचं पाचट अंथरलं की आच बरीच कमी होते. ओली बारदानं लावणं चांगलं, पण समोरासमोर दोन बाजू उघड्या असतील तरच. बंद शेडमध्ये ओलं बारदान म्हणजे एप्रिलचा जून करणं. पाचटाला आगीचं भय असतं आणि ते नवं नाही. शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या दळवटण्याच्या छावणीतल्या जुमलेदारांना ऐन मे महिन्यात पत्र पाठवलं. त्यात पावसाळ्यासाठी राखलेला दाणा आणि वैरण आताच उडवू नका, ही ताकीद आहे. चिलीम ओढताना, चूल पेटवताना गवताला ठिणगी लागेल, उंदीर दिव्याची जळती वात ओढून नेईल, हेही बजावून सांगितलं आहे.

घोडा उन्हाने ढासळू लागल्याची चिन्हं लपत नाहीत. विश्रांतीत मिनिटाला 8 ते 16 असणारा श्वास सावलीत उभा करूनही उतरत नाही. मानेच्या कातडीला चिमटा काढून सोडला तर सुरकुती लगेच मोडत नाही. हिरडी बोटाने दाबली तर गुलाबी रंग परतायला दोन सेकंदांहून जास्त लागतात. सर्वांत वाईट म्हणजे घाम आटतो. विलायतेहून मुंबई-कलकत्त्याला आणलेल्या घोड्यांत ब्रिटिशांनी हे दुखणं पाहिलं होतं, शर्यतवाल्यांत त्याला आजही ‘ड्राय कोट’ म्हणतात. गुदद्वारातून घेतलेलं तापमान एरवी 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस असतं. ते 41 कडे सरकलं तर पशुवैद्याला फोन करायचा आणि तो येईपर्यंत सावलीत, खोगीर-झूल उतरवून, मानेवर, छातीवर, मांड्यांवर पाण्याची धार थांबवायची नाही.

कायदा याबाबत फार जुना आहे. गाडी ओढणाऱ्या आणि ओझं वाहणाऱ्या जनावरांसाठीचे 1965 चे नियम सांगतात की तापमान 37 अंशांच्या वर असलेल्या भागात दुपारी 12 ते 3 या वेळात त्यांना कामाला लावू नये. नियम चांगला, पण त्यात दमटपणाचा शब्द नाही आणि डांबराचाही नाही. वरात निघते संध्याकाळी, घाटात बारी दिवसभर चालते, आणि जूनमधला पारा 37 च्या खालीच असतो. हा नियम सुधारेपर्यंत यात्रा समित्यांना आणि मंगल कार्यालयांना स्वतःहून करता येण्यासारखं थोडंच आहे : घोड्यासाठी सावलीचा मांडव, पाण्याची टाकी, नळी, आणि पशुवैद्याचा फोन नंबर लावलेली पाटी.

(पुढील लेखांक : पवनाकाठचे गोठे आणि म्हशींचं पाणी)