लॅपटॉप त्यांचा, सिस्टिम आपली

लॅपटॉपच्या दुकानात कधीकधी एकाच मॉडेलच्या दोन किमती दिसतात. एकापुढे ‘विंडोज’ लिहिलेलं, दुसऱ्यापुढे ‘डॉस’, आणि डॉसवाला काही हजारांनी स्वस्त. हा डॉस म्हणजे बहुतेक वेळा फ्रीडॉस. १९९४मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये फिजिक्स शिकणाऱ्या जिम हॉल या विद्यार्थ्याने तो सुरू केला. मायक्रोसॉफ्टचं सगळं लक्ष विंडोजकडे वळलं होतं, जुना डॉस आता संपणार हे दिसत होतं, तेव्हा या पोराने ठरवलं की आपला डॉस आपणच लिहू. असा लॅपटॉप सुरू केला की समोर येतो काळा पडदा आणि लुकलुकणारी एक रेघ. मशीन चालू आहे एवढी खात्री कंपनीने दिली. पुढचं तुमचं तुम्ही बघा.

ते ‘पुढचं’ फार मजेचं असतं. ज्या सिस्टिमची जबाबदारी लॅपटॉपच्या कंपनीने घेतलेली नाही ती त्यावर चढवायची: लिनक्स, ओपनबीएसडी, हायकू, नाहीतर डेलच्या लॅपटॉपवर चक्क ॲपलची मॅकओएस. पहिल्यांदाच हे करणारा माणूस दुकानात जाऊन प्रोसेसर, रॅम आणि किंमत विचारतो. मी म्हणतो, ते सगळं नंतर. आधी हे शोधा की ही सिस्टिम लिहिणाऱ्यांच्या टेबलावर कोणता लॅपटॉप आहे.

ज्याच्याकडे जे, त्याचाच ड्रायव्हर

२५ ऑगस्ट १९९१. हेलसिंकीतला लिनस टॉरव्हाल्ड्स हा २१ वर्षांचा विद्यार्थी जगाला कळवतो की मी हौस म्हणून एक सिस्टिम लिहितोय. तीच पुढे लिनक्स झाली. त्याच निरोपात तो आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो: एटी जातीची हार्डडिस्क सोडून दुसरी कुठली त्यावर कदाचित कधीच चालणार नाही, कारण माझ्याकडे तेवढीच आहे.

लॅपटॉप निवडण्याचं सगळं शास्त्र या एका वाक्यात आलं. ड्रायव्हर म्हणजे वाय-फाय, आवाज, टचपॅड अशा प्रत्येक भागाशी सिस्टिमने कसं बोलायचं ते सांगणारा प्रोग्रॅम. कंपनी तो देत नसेल, तर ज्याच्या घरी ते यंत्र आहे असा कुणीतरी रात्री बसून तो लिहितो. ज्या लॅपटॉपला असा मालक लाभला, त्याचं सोनं झालं. महिन्याभरापूर्वी बाजारात आलेला चकचकीत लॅपटॉप अजून अशा फारशा हातांत पडलेलाच नसतो, म्हणून नवशिक्याने शक्यतो त्याच्या वाटेला जाऊ नये. दोन-तीन वर्षं मुरलेलं मशीन बरं.

जपानी डबा आणि लाल ठिपका

मग या मंडळींच्या टेबलावर असतं काय? बऱ्याचदा एक काळी, चौकोनी, कडांना घासलेली पेटी: थिंकपॅड. आयबीएमने ती १९९२मध्ये आणली. रिखार्ड झापर या जर्मन डिझायनरला तिचं रूप जपानी जेवणाच्या काळ्या डब्यावरून सुचलं, म्हणजे वरून साधा आणि झाकण उघडलं की आत सगळं खण पाडून नीट मांडलेलं. नाव आलं ते आयबीएमच्या ‘थिंक’ असं छापलेल्या छोट्या वहीवरून.

कीबोर्डच्या मधोमध बसलेला लाल ठिपका टेड सेल्कर यांचा. कीबोर्डवरून माउसकडे हात न्यायला पाऊण सेकंद लागतो, परत आणायला जवळपास तेवढाच, असं त्यांच्या वाचनात आलं होतं. तो वेळ वाचावा म्हणून माउसच कीबोर्डात रोवला.

डिसेंबर १९९३मध्ये हबल दुर्बीण दुरुस्त करायला निघालेल्या एन्डेव्हर यानातून थिंकपॅड अंतराळातही जाऊन आला. पुढे अंतराळ स्थानकावरचे बरेच लॅपटॉप विंडोज एक्सपीवरून डेबियन लिनक्सवर नेण्याचा निर्णय झाला, ते साल २०१३.

नवशिक्याला याहून उपयोगाच्या गोष्टी म्हणजे थिंकपॅड उघडायचं कसं, कुठला स्क्रू किती लांबीचा, हे सांगणारं दुरुस्तीचं पुस्तक कंपनी (आता लेनोव्हो) स्वतः मोफत देते. २०१८च्या टी४८०मध्ये दोन बॅटऱ्या आहेत, एक पोटात आणि एक मागे खटक्याची. लॅपटॉप चालू असतानाच मागची काढून दुसरी लावता येते. रॅमचे दोन खाचे आहेत, म्हणजे आज आठ जीबी, दिवाळीला सोळा. पातळ, महागड्या मॉडेलांत रॅम थेट बोर्डावर डाग देऊन बसवलेली असते. तिथे घेतली तेवढीच कायमची. मी पहिल्या लॅपटॉपसाठी कुणालाही जाडच मशीन घ्यायला सांगतो.

ओपनबीएसडीचे बरेच डेव्हलपर थिंकपॅडच वापरतात, त्यामुळे तिथे ही यंत्रं नांदतात. मात्र त्या सिस्टिमवर ब्लूटूथचं नाव काढू नका. होता तो कोड त्यांनी २०१४मध्ये काढून टाकला. ब्लूटूथचे हेडफोन ज्यांच्या कानातून निघत नाहीत त्यांनी आधी लिनक्सकडे वळावं.

ऑक्टोबरने स्वस्त केलेली मशिनं

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज ११ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. सहाव्या-सातव्या पिढीची, म्हणजे २०१६-१७ची दणकट ऑफिसची मशिनं त्यामुळे एका तारखेत ‘जुनी’ ठरली. थिंकपॅड टी४६० आणि टी४७०, त्याच वयाची डेलची लॅटिट्यूड, एचपीची एलिटबुक. कंपन्या असे लॅपटॉप शेकड्यांनी घेतात आणि तीन-चार वर्षांनी एकदम बाहेर काढतात, म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत ते थप्प्यांनी दिसतात. लिनक्सला ही पिढी तोंडपाठ आहे. दुकानदार म्हणेल, ‘यावर विंडोज ११ नाही चालणार हां.’ आपल्याला तेच हवंय. किंमत तिथेच उतरते.

वाय-फायसाठी वाय-फाय

नवशिक्याची पहिली दमछाक इथे होते. सिस्टिम टाकली, पण वाय-फाय दिसत नाही. ते दिसायला एक फाइल उतरवायला हवी आणि ती उतरवायला वाय-फाय हवं. कोंबडी आधी की अंडं! डेबियनसारख्या तत्त्वाला धरून चालणाऱ्या सिस्टिमने कंपन्यांच्या बंदिस्त फाइली आपल्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये वर्षानुवर्षं घेतल्याच नव्हत्या. जून २०२३च्या बाराव्या आवृत्तीपासून त्या घेतल्या आणि असंख्य लोकांची पहिली संध्याकाळ वाचली.

अडलंच तर उपाय खिशात आहे. फोन केबलने लॅपटॉपला जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा. बहुतेक लिनक्सना लगेच नेट मिळतं. विकत घेतानाच इंटेलचं वाय-फाय कार्ड असलेलं मशीन घेतलं तर ही वेळ क्वचित येते. ब्रॉडकॉमचं असेल तर एक संध्याकाळ राखून ठेवा. कार्ड बदलू म्हणाल, तर जुन्या थिंकपॅडमध्ये, उदाहरणार्थ एक्स२२० किंवा टी४३०मध्ये, पाहुण्यांची यादी असते. यादीबाहेरचं कार्ड लावलं की लॅपटॉप १८०२ हा आकडा दाखवून थांबतो, पुढे जातच नाही.

ग्राफिक्सचं थोडक्यात: इंटेल किंवा एएमडी डोळे मिटून घ्या. एनव्हिडियावर टॉरव्हाल्ड्स किती चिडले होते हे २०१२मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातल्या भाषणात सगळ्यांनी पाहिलं. कॅमेऱ्यासमोर त्यांनी कंपनीला मधलं बोट दाखवलं. २०२२मध्ये कंपनीने आपल्या ड्रायव्हरचा काही भाग खुला केला आणि परिस्थिती सुधारतेय. तरी पहिल्या मशीनला ती कटकट कशाला?

सिस्टिम टाकल्याने लॅपटॉप मरतो का?

ही भीती मी खूप जणांच्या तोंडून ऐकली आहे. ती कुठून आली तेही सांगतो. २०१३च्या सुरुवातीला सॅमसंगचे काही लॅपटॉप लिनक्स सुरू करताच कायमचे बंद पडले. शोध घेतल्यावर खोट लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे कंपनीने आतल्या चिपमध्ये बसवलेल्या मूळ प्रोग्रॅममध्ये निघाली. विंडोजमधूनही त्यांना तसंच बंद पाडता येत होतं. दुसरा किस्सा डिसेंबर २०१७चा. उबुंटू या लिनक्सची १७.१० ही आवृत्ती काही लेनोव्हो आणि इतर लॅपटॉपांच्या बायोसचं (हेही फर्मवेअरच) नुकसान करते असं लक्षात येताच ती डाउनलोडवरून काढली गेली आणि जानेवारीत दुरुस्त होऊन परत आली. इतक्या वर्षांत गाजलेल्या घटना हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. फोटो आणि कागदपत्रांची प्रत बाहेर काढून ठेवा आणि निर्धास्त पुढे जा.

सफरचंदाची दोन टोकं

२००६पासून मॅकमध्ये इंटेलचा प्रोसेसर आला आणि हौशी लोकांनी साध्या लॅपटॉपवर मॅकओएस चढवायला घेतली. त्याला नाव पडलं हॅकिंटॉश. २००८चा डेल मिनी ९, जेमतेम नऊ इंची पडद्याचा लॅपटॉप, या लोकांच्या गळ्यातला ताईत होता. त्याचे भाग मॅकओएसशी इतके जुळायचे. ॲपलचा परवाना मात्र फक्त ॲपलच्याच कॉम्प्युटरवर चालवा असं सांगतो. आता ॲपलने स्वतःच्या चिप आणल्या आहेत आणि इंटेलवर चालणारी शेवटची मॅकओएस म्हणजे २०२५ची टाहो. आज शून्यापासून या वाटेला लागावं असं मी कुणालाही सुचवणार नाही.

उलटी वाट मात्र अतिशय देखणी आहे. ॲपलच्या एम१, एम२ मॅकवर लिनक्स चालवणारा प्रकल्प म्हणजे असाही. ॲपलने चिपची माहिती दिलेली नव्हती; लोकांनी ती यंत्र चाचपडून, एकेक धागा उलगडून काढली. नावाची गंमत बघा: मॅकिंटॉश जातीच्या सफरचंदाला जपानमध्ये ‘असाही’ म्हणतात! जुलै २०२२मध्ये टॉरव्हाल्ड्स यांनी लिनक्सची ५.१९ ही आवृत्ती प्रसिद्ध केली ती असाही टाकलेल्या मॅकबुकवरूनच. पुन्हा तेच, टेबलावर काय आहे ते बघा.

पोस्टाने यायची सीडी

उबुंटू २००४मध्ये आली आणि २०११पर्यंत कुणीही पत्ता कळवला की तिची सीडी फुकट घरपोच यायची, अगदी भारतातही. नेट मंद होतं, सातशे एमबी उतरवणं म्हणजे दिव्यच. ती सीडी घातली की हार्डडिस्कला हात न लावता अख्खी सिस्टिम चालून दिसायची. क्लाउस क्नॉपर या जर्मन माणसाने क्नॉपिक्समधून २०००च्या सुमाराला ही ‘लाइव्ह’ कल्पना लोकप्रिय केली होती.

आज तेच काम पेनड्राइव्ह करतो, आणि लॅपटॉप निवडण्याचं याहून खात्रीचं साधन नाही. आठ जीबीचा पुरे. रुफस किंवा एचर या मोफत प्रोग्रॅमने त्यावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू लिहून घ्या आणि तो खिशात टाकूनच दुकानात जा.

काउंटरवर लॅपटॉप आला. थिंकपॅड असेल तर बटण दाबल्यावर आधी एफ१ दाबा. बायोस उघडताना पासवर्ड मागितला तर लॅपटॉप तिथेच ठेवा. ऑफिसने लावलेला सुपरवायझर पासवर्ड बोर्डावरच्या चिपमध्ये बसलेला असतो, आतला नाण्याएवढा सेल काढूनही जात नाही. नाही मागितला, तर पेनड्राइव्ह लावा, पुन्हा सुरू करा आणि एफ१२ दाबा. (एचपीवर एफ९, एसुसवर एस्केप.) यादीतून पेनड्राइव्ह निवडा. एक-दोन मिनिटांत डेस्कटॉप येतो. ‘इन्स्टॉल’कडे अजून बघायचंही नाही.

आता आपल्या फोनचा हॉटस्पॉट चालू करा. कोपऱ्यातल्या यादीत त्याचं नाव दिसलं की निम्मा जीव भांड्यात पडतो. एखादं गाणं लावा, आवाज दोन्ही स्पीकरमधून येतो का ऐका, मग हेडफोन खुपसून बघा. पडद्याचा उजेड बटणांनी कमी-जास्त करा. टचपॅडवर दोन बोटं फिरवा. कॅमेऱ्यात स्वतःला बघा. बॅटरीची माहिती उघडा आणि मूळ क्षमता आणि आजची क्षमता हे दोन आकडे शेजारी ठेवा. आजचा आकडा निम्म्यावर आलेला असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वळते करून घ्या. बोटाच्या ठशाचा सेन्सर चालला नाही तर सोडून द्या, तो अनेकदा चालत नाही.

मग मराठी. सेटिंगमध्ये इनस्क्रिप्ट कीबोर्ड जोडा. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, आणि ‘के’च्या बटणावर बरोबर क. अनेक लिनक्सवर तुम्हाला जो देवनागरी फॉन्ट भेटतो त्याचं नाव लोहित, म्हणजे लाल. तो रेड हॅट या लाल टोपीवाल्या कंपनीने खुला केला आणि त्यावरचं बरंच काम आपल्या पुण्यात झालं. ‘र्‍हस्व’ आणि ‘सुऱ्या’ हे दोन शब्द लिहून बघा. दोन्ही र जागच्या जागी बसायला हवेत.

शेवटची परीक्षा झोपेची. झाकण लावा. कडेचा दिवा मंद मिणमिणू लागेल. दुकानदाराशी दोन मिनिटं गप्पा मारा, चार्जर त्याच कंपनीचा आहे का विचारा, वॉरंटी किती महिन्यांची ते बिलावर लिहून मागा. नंतर झाकण उघडा. पडदा लागला, गाणं होतं तिथून सुरू झालं, हॉटस्पॉट आपोआप जोडला गेला? पेनड्राइव्ह काढून खिशात टाका आणि बिल करायला सांगा.