कळंब रोड ते आणिक आगार

मांजरेच्या खोऱ्यातील कळंबसारख्या तालुक्याच्या गावाहून मुलांमाणसांसह एखाद्या दिवसाच्या सहलीस निघावयाचे म्हटले, म्हणजे येरमाळ्याची येडेश्वरी, तुळजापूरची भवानी, पंढरीचा विठोबा, फार तर तेर येथील प्राचीन मंदिरे व रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय, एवढीच स्थळे प्रथम डोळ्यांपुढे येतात. आणि ज्यांच्या योगाने गेल्या दीडशे वर्षांत आपला प्रवास, आपला बाजार, किंबहुना आपली सारी दिनचर्याच मुळापासून पालटली, त्या यंत्रांच्या दर्शनास मुद्दाम जावे, हा विचार क्वचितच कोणाच्या मनात डोकावतो. देवळे पाहू नयेत असे माझे म्हणणे नाही. परंतु ज्या पिढीने आपल्या आजोबांच्या हातातील विळा, मोट आणि कंदील हे तिन्ही अदृश्य होताना पाहिले, तिने यंत्रयुगाचाही एक इतिहास असतो आणि तोही जतन करावा लागतो, ही गोष्ट आपल्या मुलांना दाखविली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

पाश्चात्त्य देशांत ही जाणीव पुष्कळ आधी झाली. इंग्लंडातील श्रॉपशायर परगण्यात, सेव्हर्न नदीच्या अरुंद दरीत, अब्राहम डार्बी याने १७०९ साली लाकडाच्या कोळशाऐवजी दगडी कोळशाच्या कोकवर लोखंड वितळविण्याची क्रिया यशस्वी करून दाखविली आणि त्याच्याच नातवाने १७७९ साली त्या नदीवर ओतीव लोखंडाचा पूल उभा केला. पुढे भट्ट्या थंडावल्या, कारखाने ओसाड पडले. तेव्हा तेथील लोकांनी ते अवशेष भंगारात न घालता १९६७ साली एक विश्वस्त संस्था स्थापून त्या दरीत दहा संग्रहालयांचा समूह उभा केला, आणि १९८६ साली त्या संपूर्ण परिसराला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. आज तेथे कुटुंबेच्या कुटुंबे दिवसभराच्या सहलीस जातात व लोखंड कसे ओतीत, फरशा व चिनी मातीची भांडी कशी भाजीत, हे प्रत्यक्ष पाहतात.

आपल्या महाराष्ट्रात असा एकत्र बांधलेला समूह नाही. तथापि मुंबई शहरात एकमेकांपासून लोकलच्या थोड्याशा अंतरावर अशी तीन स्थळे आहेत, की जी एका दिवसात क्रमाने पाहिली असता यंत्रयुग आपल्या मुलखात कसे आले, याचे बऱ्यापैकी सलग चित्र मनापुढे उभे राहते. धाराशिवहून रात्रीच्या लातूर-मुंबई गाडीत बसावे, म्हणजे सकाळी मनुष्य छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरतो. मात्र माझ्या मते ही सहल मुंबईस पोहोचल्यावर नव्हे, तर गाडीत पाऊल ठेवल्याक्षणीच सुरू होते. कारण ज्या मार्गाने ही गाडी धाराशिवहून बार्शी व कुर्डुवाडीकडे जाते, तो मार्ग म्हणजे एका जगप्रसिद्ध छोट्या रेल्वेचा, आपल्या ‘बार्शी लाईट’चा वारस होय.

या बार्शी लाईटची हकिकत विस्ताराने सांगण्याजोगी आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा लोहमार्ग सोलापूरकडे गेला, तेव्हा बार्शीसारखी कापसाची व धान्याची नामांकित पेठ बाजूस राहिली आणि तेथील माल बैलगाड्यांनी वीस-बावीस मैल लांबच्या स्थानकापर्यंत आणावा लागे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज अभियंता, जो १८८२ साली त्याच कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आला होता, त्याच्या मनाने घेतले की, अशा पेठांना मोठ्या मापाचा खर्चिक मार्ग परवडत नसला, तरी अडीच फूट रुंदीचा हलका मार्ग निश्चित परवडेल. त्याने नोकरी सोडली, विलायतेत भांडवल जमविले, १८९५ साली कंपनी स्थापिली आणि १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी टाऊन ही गाडी सुरू केली.

कॅलथ्रॉपची खरी बुद्धिमत्ता दिसते ती भाराच्या वाटणीत. रूळ किती जाड असावा, हे गाडीच्या सबंध वजनावरून नव्हे, तर तिच्या सर्वांत जड आसावरून ठरते. तेव्हा इंजिन असो वा मालडबा, प्रत्येक आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यावयाचा नाही आणि तो सर्व आसांवर शक्य तितका सारखा वाटावयाचा, हे सूत्र त्याने कसोशीने पाळले. कावडीच्या दोन्ही घागरी सारख्या भरल्या म्हणजे तेच पाणी खांद्याला कमी जड वाटते, तसाच हा प्रकार. त्यामुळे यार्डास अवघ्या ३० पौंड वजनाच्या रुळांवर भरपूर माल वाहता येऊ लागला. किटसन कंपनीने बांधलेली आठ चालक चाकांची इंजिने आणि दाबलेल्या पोलादी पत्र्याच्या सांगाड्यांचे डबे यांची चाचणी प्रथम इंग्लंडात लीड्स शहराजवळ न्यूले येथे झाली, व ती पाहून हलक्या रेल्वेविषयीची अनेक जाणत्यांची मते बदलली. पुढे १९०४ साली खुद्द इंग्लंडातील मॅनिफोल्ड खोऱ्यात कॅलथ्रॉपने जी छोटी रेल्वे घातली, ती बार्शीच्याच अनुभवावर. नवे ज्ञान नेहमी विलायतेहून आपल्याकडे येते, असे समजणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी: येथे बार्शीच्या माळावर सिद्ध झालेली गोष्ट तिकडे गेली. घोड्यांवर जिवापाड प्रेम करणारा आणि उत्तरायुष्यात वैमानिकांसाठी पॅराशूट सिद्ध करण्यात गढून गेलेला हा मनुष्य १९२७ साली वारला; आणि त्याच वर्षी त्याची रेल्वे मिरजेपर्यंत पोहोचून तिची एकूण लांबी २०२ मैल झाली.

तत्पूर्वी १९०६ साली ती पंढरपुरास गेली होती आणि आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांनी तिचे डबे ओसंडून वाहत. आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा होता तो पूर्वेकडचा फाटा. बार्शी हे इंग्रजी अमलातील सोलापूर जिल्ह्यात, तर कळंब, धाराशिव, लातूर हा सारा प्रदेश निजामाच्या मोगलाईत. सरहद्द ओलांडली की अंमल बदले, नाणे बदले. इकडे हाली सिक्का, तिकडे कलदार रुपया. मालावर करोडगिरीचा महसूल वेगळाच. अशा दोन राज्यांमधून ही गाडी आधी तडवळ्यापर्यंत आणि १९११ साली लातूरपर्यंत गेली, आणि लातूरच्या पेठेच्या भरभराटीस तिने मोठाच हातभार लावला. कळंब गावाला रेल्वे मिळाली नाही. परंतु कसबे तडवळे येथील स्थानकाला ‘कळंब रोड’ हे नाव मिळाले, आणि आपल्या तालुक्याचे नाव रेल्वेच्या वेळापत्रकात चढले ते तेवढ्यापुरतेच. याच तडवळे गावी फेब्रुवारी १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदारांची परिषद भरली होती, हेही त्या स्थानकावर उभे राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावे.

१९५४ साली ही रेल्वे सरकारने खरेदी केली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिचे रुंदीकरण झाले, बार्शी ते येडशी यांमधील जुना मार्ग सोडून नवा मार्ग धाराशिव शहरावरून नेण्यात आला, आणि लातूरची गाडी थेट मुंबईस जाऊ लागली. लोकांची सोय झाली, ती व्हावयासच हवी होती. परंतु छोटी गाडी गेली.

मुंबईस उतरल्यावर पहिला मुक्काम आणिक आगारातील बेस्टच्या संग्रहालयाचा ठेवावा आणि तेथे जाताना मुद्दाम हार्बर मार्गाची लोकल पकडून वडाळ्यापर्यंत जावे. कारण हिंदुस्थानातील विजेवर चालणारी पहिली आगगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईहून कुर्ल्यापर्यंत धावली, ती याच मार्गावरून. आणिकच्या संग्रहालयात ट्रामच्या व बसगाड्यांच्या प्रतिकृती, तिकिटांची यंत्रे, विजेचे जुने मीटर आणि जुनी छायाचित्रे मांडलेली आहेत. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. कुलाब्याहून पायधुणीपर्यंतचे भाडे तीन आणे होते, तिकिटे दिली जात नसत, आणि कंपनीच्या तबेल्यात ९०० घोडे होते असे सांगतात. ७ मे १९०७ रोजी त्या घोड्यांची जागा विजेने घेतली, १५ जुलै १९२६ रोजी मोटारबस आली आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. एखादे यंत्र येते, माणसांच्या अंगवळणी पडते आणि नव्वद वर्षांत नाहीसे होते, हा सबंध क्रम एका छताखाली पाहावयास मिळणे ही सामान्य गोष्ट नव्हे. हे दालन एखाद्या दूरस्थ सरकारी खात्याने नव्हे, तर ज्यांनी या गाड्या चालविल्या त्या उपक्रमानेच आपल्या आगारात उभे केले, याचे मला विशेष मोल वाटते.

दुपारी भायखळ्यास, राणीच्या बागेच्या आवारातील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय पाहावे. १८७२ साली लोकांसाठी खुली झालेली ही इमारत मुळात व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांच्या नावाची. ज्यांनी तिच्यासाठी अविरत खटपट केली, त्या भाऊ दाजींचे नाव तिला १९७५ साली मिळाले. कारखान्यांच्या आधीचे उद्योग, म्हणजे कुंभार, विणकर, तांबट, खलाशी यांची कामे मातीच्या लहान मूर्तींतून आणि जहाजांच्या प्रतिकृतींतून येथे दाखविली आहेत. यंत्र येण्यापूर्वी हे सारे हातांनी कसे होत असे, हे येथे कळते, म्हणून हे दालन टाळू नये. येथून गिरणगाव जवळ आहे. कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेव येथे काढलेल्या कापडगिरणीपासून जो व्यवसाय फोफावला, त्याने शतकभर महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातील तरुणांना पोसले. आणि १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने सुमारे अडीच लाख कामगारांच्या आयुष्याची दिशा बदलली. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर वस्त्रोद्योगाचे संग्रहालय उभारण्याचे काम पालिकेने हाती घेतले आहे. तेथे साच्यांबरोबर साचेवाल्यांचीही हकिकत यावी, ही अपेक्षा अवास्तव नाही.

शेवटी संध्याकाळपूर्वी पुन्हा टर्मिनसवर यावे. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स याच्या आराखड्यानुसार १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत बांधलेली, सुमारे १६ लाख रुपये खर्चाची आणि २००४ पासून जागतिक वारशात गणली जाणारी ही वास्तू आतून पाहता येते. घुमटाखालील जिना, जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी कोरलेली दगडी पाने-फुले व पशुपक्षी, आणि रेल्वेच्या जुन्या उपकरणांचे दालन ही सारी मार्गदर्शकाबरोबर सावकाश पाहावीत. १६ एप्रिल १८५३ रोजी चौदा डबे व सुमारे ४०० निमंत्रित घेऊन ठाण्यास गेलेल्या पहिल्या गाडीची हकिकत शाळेतील मुलांना पाठ असते. बोरघाटाची मात्र नसते. त्या घाटाच्या बांधकामाचा मक्ता घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली येथे येताच अल्पावधीत वारला, आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने तो मक्ता आपल्या जबाबदारीवर पुढे चालविला. १८६३ साली घाट खुला झाला, तोपर्यंत हजारो मजूर रोगराईने व अपघातांनी कामी आले होते. त्यांची नावे कोणत्याही दालनात नाहीत.

या तिन्ही ठिकाणांचे सुटीचे वार निरनिराळे आहेत आणि टर्मिनसमधील दालन कामाच्या दिवशी दुपारीच उघडते; म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करणे अगत्याचे आहे. रात्रीच्या गाडीने परत निघाले, म्हणजे एका दिवसात ही सहल पुरी होते.

परंतु मुंबईने आपल्या ट्रामची जपणूक करावी आणि आपण आपल्या बार्शी लाईटची करू नये, यास समर्थन नाही. ज्या कुर्डुवाडीस या रेल्वेचा कारखाना होता, ज्या बार्शीने तिला नाव दिले आणि ज्या तडवळ्याने कळंबला तिच्या नकाशावर आणले, त्या गावांपैकी कोठेतरी एका जुन्या स्थानकाच्या इमारतीत, रुळाचा एक तुकडा, एक डबा, सिग्नलचा दिवा, वेळापत्रके आणि गाडीवर काम केलेल्या माणसांच्या ध्वनिमुद्रित आठवणी एवढ्या सामग्रीवर एक छोटे संग्रहालय निश्चित उभे राहू शकते. त्यास दरबारी थाटाची किंवा कोट्यवधींच्या मंजुरीची गरज नाही. ज्यांनी त्या गाडीवर फायरमन, गार्ड, खलाशी किंवा गँगमन म्हणून नोकरी केली, ते आता वृद्ध झाले आहेत. ज्यांच्या घरी बार्शी लाईटचे एखादे तिकीट, पास, पितळी बिल्ला, कंदील, छायाचित्र अथवा नेमणुकीचा हुकूम असेल, त्यांनी तो रद्दीत वा मोडीत न घालता त्यावर वर्ष व माणसाचे नाव लिहून नीट ठेवावा, आणि गावच्या शाळेच्या अथवा वाचनालयाच्या चालकांनी या वस्तूंची व आठवणींची यादी करण्याचे काम याच वर्षी हाती घ्यावे, अशी माझी कळंब, बार्शी व कुर्डुवाडीच्या वाचकांना कळकळीची विनंती आहे.