नानाभाई मूस आणि साठ वर्षांच्या नोंदी

1904 साली अलिबागच्या किनाऱ्यालगत एक सरकारी इमारत उभी राहिली. तिच्यासाठी दगड आणला तो पोरबंदरचा. कोकणात दगडाला काय तोटा? पण इथला काळा पाषाण नेमका या कामाला चालणारा नव्हता. त्या वास्तूत पृथ्वीचं चुंबकत्व मोजायचं होतं आणि आपल्या काळ्या दगडात मॅग्नेटाइटचे कण असतात, म्हणजे तो स्वतःच थोडासा चुंबक असतो. पोरबंदरचे चिरेही तपासून घेतले गेले. खिळे, बिजागऱ्या, कड्या यांसाठी लोखंड वर्ज्य, त्याऐवजी तांबं आणि पितळ. एवढी काळजी घेणाऱ्या माणसाचं नाव होतं नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस.

ठाण्याच्या नौपाड्यात राहणाऱ्याला हा काळा दगड वेगळा सांगायला नको. येऊरच्या डोंगरापासून ठाण्याच्या जुन्या किल्ल्याच्या तटापर्यंत सगळीकडे तोच आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड झाला, तेव्हाच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा त्याच्यात गोठून राहिली. 1950च्या दशकात टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे, सी. राधाकृष्णमूर्ती आणि त्यांचे सहकारी डॉइच यांनी दख्खनच्या खडकांतली ही गोठलेली दिशा मोजली. लाव्हा वाहिला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, या निष्कर्षाला अशा मोजमापांनी बळ दिलं. भूभौतिकीच्या दृष्टीनं आपण फार श्रीमंत जमिनीवर राहतो. मूस यांच्यापुढचा प्रश्न मात्र उलटा होता: खडकाची जुनी आठवण बाजूला ठेवून आज, या क्षणी, क्षेत्र किती आहे आणि तासाभरात किती बदललं, हे कसं टिपायचं?

मूस यांचा जन्म 29 ऑक्टोबर 1859चा. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात त्यांनी अभियांत्रिकीचं शिक्षण घेतलं, पुढे एडिंबरोला विज्ञानाची पदवी घेतली आणि परतल्यावर एल्फिन्स्टन कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं. 1896 साली कुलाबा वेधशाळेचे संचालक चार्ल्स चेंबर्स वारले आणि ती जागा मूस यांच्याकडे आली. वेधशाळेच्या कायम संचालकपदी बसलेले ते पहिले भारतीय. 1919 पर्यंत, म्हणजे तेवीस वर्षं, ते तिथे होते. 1898 मध्ये कुलाब्याला मिल्न पद्धतीचा भूकंपमापक बसला आणि भूकंपांच्या नोंदीही त्यांच्या देखरेखीखाली आल्या. या बाजूबद्दल मी इथे जास्त लिहीत नाही, कारण त्यांचं खरं काम चुंबकत्वातलं.

मराठी वाचकाला कुलाबा वेधशाळा आठवते ती केरूनाना छत्र्यांमुळे. अलिबागजवळच्या नागावचा हा मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा असताना प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या हाताखाली तिथे नोकरीला लागला. चुंबकीय निरीक्षणांची सुरुवात त्याच सुमाराची, 1841ची. त्या काळी सुई दोरीला टांगलेली, तिच्यावर बारीक आरसा, आणि दुर्बिणीतून मोजपट्टी वाचणारा माणूस. दर तासाला, दिवसरात्र. क्षेत्र अस्वस्थ दिसलं तर पंधरा मिनिटांनी, फारच खवळलं तर पाच मिनिटांनी. 1870च्या दशकात छायाचित्रणाच्या कागदावर आपोआप रेघ उमटवणारी यंत्रं आली, तरी त्या रेघा वाचून आकडे करणं माणसाच्याच हाती राहिलं. मूस यांच्या हाती आला तो हा साठा: 1846 पासून सलग चालत आलेला, तीन पिढ्यांच्या डोळ्यांनी जमवलेला.

आणि तेवढ्यात ट्राम आली. मुंबईत 1874 पासून घोड्यांच्या ट्राम होत्याच, आता त्या विजेवर धावणार होत्या. त्यांचा एकदिश प्रवाह रुळांवाटे परत जातो, पण सगळा रुळांत राहत नाही. थोडा जमिनीत झिरपतो आणि वाटेल त्या दिशेनं वाहतो. पृथ्वीचं क्षेत्र मुंबईत सुमारे 43 हजार नॅनोटेस्ला. शास्त्रज्ञाला त्यातले दहा-वीस एककांचे चढउतार टिपायचे असतात, आणि ट्रामचा गळता प्रवाह तेवढी गडबड सहज करतो. पुढे 1925 साली बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी सुरू झाली आणि पुढच्या काळात तीच वीज आमच्या ठाण्यावरून कल्याणकडे गेली. मुंबईच्या वेधशाळेत चुंबकत्व मोजणं कुठल्या ना कुठल्या दिवशी अशक्यच होणार होतं.

मूस यांनी ट्रामला विरोध केला असता तर ते हरलेच असते. त्यांनी मागितलं ते वेगळं. नवी जागा बांधून व्हावी आणि दोन वर्षं जुनी व नवी वेधशाळा एकाच वेळी चालावी, तोवर ट्रामला वीज मिळू नये. जागा ठरली कुलाब्यापासून सुमारे 30 किलोमीटरवर, समुद्रापलीकडे अलिबागला. 1904 ते 1906 दोन्हीकडे नोंदी झाल्या, मग कुलाब्याच्या थांबल्या. विजेची पहिली ट्राम धावली 7 मे 1907 रोजी.

ही दोन वर्षं मला त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा निर्णय वाटतो. जागा बदलली की आकडाही बदलतो, कारण खालचा खडक बदलतो, यंत्र बदलतं. दोन्ही ठिकाणचा फरक मोजलेला नसेल तर जुनी मालिका तिथेच तुटते आणि नवी शून्यापासून सुरू होते. जगातल्या कितीतरी वेधशाळांच्या नोंदी शहर वाढल्यामुळे अशाच तुटल्या. कुलाबा-अलिबागची मालिका तुटली नाही, म्हणून आज ती पावणेदोनशे वर्षांहून लांब आहे आणि जगातल्या मोजक्या सलग नोंदींत तिची गणना होते. प्रशासकीय पत्रव्यवहाराचं हे यश कोणी शोधनिबंध म्हणून मोजत नाही. मोजायला हवं.

त्यानंतर मूस यांनी साठ्यालाच हात घातला. 1910 मध्ये त्यांचे दोन खंड निघाले. विषय: मुंबईच्या सरकारी वेधशाळेतली 1846 ते 1905 ची चुंबकीय निरीक्षणं आणि त्यांची चर्चा. पहिला खंड आकडे आणि उपकरणांचा, दुसरा घटनांच्या विवेचनाचा. दुसऱ्या खंडात त्यांनी चुंबकीय वादळांकडे, म्हणजे क्षेत्र खवळतं त्या घटनांकडे, पाहण्याची पद्धतच बदलली.

एरवी वादळांचा अभ्यास घड्याळाच्या वेळेनं होई: सकाळी आठला काय झालं, रात्री दहाला काय. एक वादळ दुपारी सुरू झालेलं, दुसरं मध्यरात्री. त्यांची तासवार सरासरी काढली की दोन्हींचं रूप पुसून जातं. मूस यांनी ज्या वादळांची सुरुवात अचानक आणि स्पष्ट होती अशी वादळं निवडली, प्रत्येकाची सुरुवात शून्य तास मानली आणि तिथून पुढे सरासरी काढली. सगळ्या वादळांचं एक समान रूप समोर आलं. आधी क्षेत्राच्या आडव्या, म्हणजे क्षितिजाला समांतर, घटकाची झटकन वाढ, काही तास टिकणारी. मग मोठी घसरण. मग पूर्वपदावर येणं, तेही दोन-तीन दिवस घेऊन, रेंगाळत.

आज भूचुंबकत्वाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात वादळाचा हाच आलेख असतो. पहिल्या वाढीचा अर्थ: सूर्यावरून आलेल्या प्लाझ्माच्या दाबानं पृथ्वीचं चुंबकीय कवच आत दाबलं गेलं. घसरणीचा अर्थ: विद्युतभारित कणांचं एक कडं पृथ्वीभोवती फिरू लागलं आणि त्याचं क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राविरुद्ध उभं राहिलं. कण हळूहळू नाहीसे होतात, म्हणून सावरायला दिवस लागतात. 1910 मध्ये हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मूस यांनी कारण सांगितलं नाही, पण कारण सांगणाऱ्याला नेमकं काय सांगायचं आहे ते त्यांनी समोर ठेवलं. मुंबई विषुववृत्ताजवळ आहे, ध्रुवीय प्रकाशाच्या गोंधळापासून दूर. म्हणूनच इथे ते रूप इतकं स्वच्छ दिसलं, हेही खरं.

इंग्लंडमधला तरुण गणिती सिडनी चॅपमन यानं 1918 च्या सुमारास याच पद्धतीनं अनेक वेधशाळांच्या नोंदी तपासल्या आणि वादळांचा पहिला सिद्धांत मांडला. तो एकाच प्रकारच्या विद्युतभाराच्या झोतावर आधारलेला होता. असा झोत वाटेतच फाकून जाईल, ही भौतिकशास्त्रज्ञ लिंडमनची हरकत त्याला मान्य करावी लागली. 1931 मध्ये सहकारी फेरारोबरोबर त्यानं दुरुस्त सिद्धांत मांडला. सिद्धांत असे बदलले, पण ज्या आलेखाला ते उत्तर देत होते तो आलेख बदलला नाही. चॅपमन आणि बार्टेल्स यांच्या 1940 च्या प्रसिद्ध द्विखंडी ग्रंथात मूस यांचं नाव आहे. वादळाची तीव्रता सांगणारा जो निर्देशांक आज जगभर वापरतात, त्याच्या मुळाशीही वादळ-वेळेची ही कल्पना आहे.

मूस 20 फेब्रुवारी 1936 रोजी वारले. पण त्यांच्या हाती आलेल्या साठ्याचं मोल त्यांच्या कामापुरतं नव्हतं. त्यांच्या जन्माच्या दोन महिने आधी, 2 सप्टेंबर 1859 रोजी, कुलाब्याच्या निरीक्षकांनी पाहिलेली एक गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली. आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टननं सूर्यावर भडका पाहिला होता. कुलाब्याला भर सकाळी आडवा घटक सुमारे 1600 नॅनोटेस्लानं कोसळला, म्हणजे एकूण मूल्याच्या चार टक्क्यांच्या आसपास. फर्ग्युसन तेव्हा प्रमुख होते. वाचन करणाऱ्यांनी ठरलेल्या शिस्तीनं आकडे लिहिले, मोजपट्टी सोडली नाही. जगात इतरत्र अनेक यंत्रांच्या नोंदी पट्टीबाहेर गेल्या होत्या.

2003 साली त्सुरुतानी आणि गोन्झालेझ या संशोधकांसोबत भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लाखिना आणि शोभना अॅलेक्स यांनी या कुलाब्याच्या नोंदी वापरून त्या वादळाची ताकद वर सांगितलेल्या निर्देशांकात काढली. त्यांचा अंदाज सुमारे उणे 1760 नॅनोटेस्ला. तुलनेला घ्या: मार्च 1989 मध्ये कॅनडातल्या क्विबेकची वीज सुमारे नऊ तास गेली, त्या वादळाची तीव्रता उणे 589 होती. मे 2024 मध्ये लडाखच्या हानले इथून आकाशात लाल झाक टिपली गेली, ते वादळ उणे 400 च्या जवळपासचं. उपग्रह, वीजवाहिन्या, विमानवाहतूक यांचा आराखडा करणारे आज विचारतात की सर्वांत वाईट किती होऊ शकतं, आणि उत्तरासाठी त्यांना कुलाब्याला यावं लागतं.

मात्र 1760 हा आकडा सर्वमान्य नाही. ते क्षणिक मूल्य आहे, तर बाकीच्या वादळांचे आकडे तासाच्या सरासरीचे, हा आक्षेप रास्त आहे. 2022 मध्ये हायाकावा आणि सहकाऱ्यांनी कुलाब्याच्या 1859 च्या वार्षिक ग्रंथातून आडव्या घटकाबरोबर दिशेचे आणि उभ्या घटकाचे आकडेही बाहेर काढले. तासाच्या सरासरीनं त्यांचा अंदाज उणे हजारच्या आत येतो. इतक्या थोड्या वेळात क्षेत्र कोसळून पुन्हा सावरलं, त्याला कड्यातला प्रवाहच कारण की आयनांबरातले प्रवाहही, यावर वाद चालू आहे. सकाळच्या त्या दीड-दोन तासांचे पाच-पाच मिनिटांनी लिहिलेले आकडे नसते तर हा वाद घालताच आला नसता.

1971 साली कुलाबा-अलिबागचं काम याच भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे, एका स्वायत्त संस्थेकडे, गेलं, आता तिचं मुख्यालय पनवेलजवळ आहे. अलिबागच्या वास्तूत नोंदी चालूच आहेत.