गोदीतील हात, दिल्लीतील सही

15 जानेवारी 2025 रोजी मुंबईच्या नौदल गोदीत ‘सुरत’ ही विनाशिका, ‘निलगिरी’ ही फ्रिगेट आणि ‘वाघशीर’ ही पाणबुडी एकाच समारंभात पंतप्रधानांच्या हस्ते नौदलात दाखल झाली. तिन्ही माझगाव गोदीत बांधलेल्या. मुलुंड-घाटकोपरहून सकाळची गाडी धरून डॉकयार्ड रोडला उतरणाऱ्या कामगारांना त्या दिवशी अभिमान वाटला असेल, तर तो रास्तच होय. परंतु या तिघींत एक भेद होता. ‘सुरत’ आणि ‘निलगिरी’ यांचे आराखडे आपल्या नौदलाच्या आरेखकांचे. ‘वाघशीर’चा आराखडा मात्र फ्रेंचांचा. गोदी तीच, कारागीर याच शहराचे. मग हा भेद का पडावा?

याचे उत्तर बुद्धीत नाही, सातत्यात आहे. पहिली ‘निलगिरी’ 1972 मध्ये नौदलात आली, तेव्हा तिचा आराखडा ब्रिटिशांचा होता. त्याच जातीच्या सहा फ्रिगेटी 1981 पर्यंत एकीमागून एक पुऱ्या झाल्या. हात बसला, डोळा तयार झाला आणि 1983 मध्ये आलेली ‘गोदावरी’ आपल्याच आरेखकांनी आखली. ‘दिल्ली’, ‘कोलकाता’, ‘विशाखापट्टणम’ या पुढच्या पिढ्या त्याच परंपरेतल्या.

पाणबुड्यांची कथा याच्या नेमकी उलट आहे. 1981 मध्ये जर्मनीतील एचडीडब्ल्यू कंपनीशी करार झाला. दोन पाणबुड्या तिकडे बांधल्या गेल्या. ‘शल्की’ 1992 मध्ये आणि ‘शंकुल’ 1994 मध्ये माझगावातून बाहेर पडली. दरम्यान 1987 मध्ये दलालीचे आरोप झाले आणि पुढील दोन पाणबुड्यांचा विचार बारगळला. त्यानंतरचा करार फ्रेंचांशी झाला तो 2005 मध्ये. मधल्या अकरा वर्षांत, खोल पाण्याचा दाब सोसणारे पोलाद जोडण्याची विद्या ज्यांच्या हातात मुरली होती, त्यांना त्या विद्येचे काम उरले नाही. साहजिकच पुन्हा श्रीगणेशा करावा लागला. 2012 मध्ये अपेक्षित असलेली ‘कलवरी’ 2017 च्या डिसेंबरात आली. आणि आली तीही नव्या पाणतीरांवाचून, कारण ज्या इटालियन समूहाकडून ते घ्यावयाचे, तो हेलिकॉप्टरांच्या व्यवहारातील आरोपांत सापडल्याने ती खरेदीच रद्द झाली होती.

दलाली खाणाऱ्यास कठोर शासन झालेच पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु आपल्याकडे शासन होते ते कोणाला? आरोपी वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या चढत राहतात. शिक्षा भोगतो तो जुन्या शस्त्रानिशी समुद्रात जाणारा नाविक. लाच घेऊन चुकीची निवड करणे हा गुन्हा आहे. लाचेच्या आरोपाच्या भयाने निवडच न करणे हाही, आमच्या मते, कर्तव्यच्युतीचाच प्रकार आहे; फरक इतकाच की त्याची चौकशी कधी होत नाही.

हे भय अद्याप सरलेले नाही. अधिक काळ पाण्याखाली राहू शकणाऱ्या सहा नव्या पाणबुड्यांची गरज 2007 मध्ये मान्य झाली. निविदा निघाली 2021 मध्ये. आणि माझगाव गोदी व तिचा जर्मन भागीदार यांच्याशी वाटाघाटी सुरू झाल्या 2025 मध्ये. गरज आणि वाटाघाट यांत अठरा वर्षे गेली. सही झाल्यावरही काय घडते, ते ‘कलवरी’ने दाखविले आहेच.

नौदलात उशिराची किंमत रुपयांत मोजून भागत नाही. 9 डिसेंबर 1971 रोजी दीवजवळ पाकिस्तानच्या ‘हंगोर’ या फ्रेंच बनावटीच्या पाणबुडीने आपली ‘खुकरी’ बुडविली. तिच्या शोधयंत्राचा पल्ला त्या पाणबुडीपुढे तोकडा होता. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह 194 अधिकारी व नाविक समुद्रार्पण झाले. आज पाकिस्तानने चीनकडून घेतलेल्या आठ पाणबुड्यांच्या वर्गाला ‘हंगोर’ हेच नाव दिले आहे. शेजाऱ्याची स्मरणशक्ती चांगली आहे; प्रश्न आपल्या स्मरणशक्तीचा आहे.

मुलुंडच्या पुढे काही स्थानकांवर कल्याण लागते. तेथील खाडीत शिवाजीमहाराजांनी जहाजे बांधावयास घेतली, तेव्हा कामावरील पोर्तुगीज कारागीर त्यांच्या वसईकर अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून काम टाकून निघून गेले. महाराजांनी म्हणून आरमाराचा नाद सोडला नाही. आपली माणसे कामाला लागली, आणि 1679 मध्ये खांदेरी बेटावर मुंबईकर इंग्रजांच्या डोळ्यांदेखत तट उभा राहू लागला. ‘खांदेरी’ हे नाव आज माझगावातच बांधलेल्या एका पाणबुडीने धारण केले आहे. नाव घेतले, तसा बाणाही घ्यावा.

सरकारकडे आमची मागणी साधी आहे. निवडीला मुदत असावी. आरोप झाल्यास दोषी माणसाला वेगळे काढावे, देशाची गरज त्याच्याबरोबर बाहेर टाकू नये. आणि शेवटची पाणबुडी गोदीतून निघण्यापूर्वी पुढच्या पाणबुडीचे पोलाद कापले जावे. आराखडा विकत मिळतो, यंत्रही मिळते; वीस वर्षे बसलेला हात मात्र कोणत्याही बाजारात मिळत नाही.