लेकरू आठवीत रुळले का?

जूनच्या मध्याला शाळा उघडल्या. दप्तर, वह्या, गणवेश यांत महिन्याची मजुरी गेली. आता पेरण्यांची घाई. आई-बाप दोघेही कामावर. लेकराचे नाव शाळेत घातले म्हणजे आपले काम झाले, असा घरात सगळ्यांचाच समज असतो. आम्ही मात्र पालकांना, विशेषतः माता-भगिनींना, एकच प्रश्न विचारतो. तुमचे लेकरू यंदा आठवीत गेले असेल, तर ते तिथे रुळले का?

आठवीचेच का विचारतो, तर नांदेड-लातूरकडच्या कितीतरी खेड्यांत जिल्हा परिषदेची शाळा चौथीला, नाही तर सातवीला संपते. पुढे मोठ्या गावचे हायस्कूल. गावच्या शाळेत गुरुजी लेकराला आई-बापासकट ओळखत. इथे दर तासाला नवे सर, गणित-इंग्रजी एकदम जड, वर्ग खच्चून भरलेला. आपल्या वस्तीतली दोन-तीन लेकरे मग मुकाट्याने मागच्या बाकावर जाऊन बसतात. त्यांना तिथे कुणी बसवलेले नसते, सोबत्याच्या आधाराने बसतात. कुठे पहिल्याच दिवशी आडनाव विचारले जाते आणि ते ऐकून विचारणाऱ्याचा चेहरा बदलतो. लेकराला तेवढे कळते, पण घरी येऊन ते सांगत नाही. दिवाळीपर्यंत शंका विचारणे बंद होते, सहामाहीला दोन विषय राहतात, आणि मग "मला शाळा नको, मी कामाला येतो" हे वाक्य कानी पडते. आई-बापांना वाटते, पोराला डोकेच नाही. डोके असते हो. जूनपासून कुणी विचारपूस केलेली नसते.

७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत पहिली इंग्रजीच्या वर्गात दाखल झाले. आजच्या हिशेबाने पाचवीच. २०१७ पासून तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. शाळेत असताना ते कोपऱ्यात वेगळे बसत, तेही स्वतःच्या गोणपाटावर. शाळेचा नोकर ते शिवत नसे, म्हणून रोज संध्याकाळी घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. आज कायद्याने आपल्या लेकराला पुढच्या बाकावरून कुणी उठवू शकत नाही. मग मागचा बाक आपण होऊन कशाला धरायचा? पालकांनी एकदा शाळेत जाऊन वर्गशिक्षकांना भेटावे आणि "आमच्या लेकराला पुढे बसवा" असे सरळ सांगावे. शाळेत जायला मजुरी बुडते, हे आम्हाला ठाऊक आहे. बाजाराच्या दिवशी जावे, पण जावे.

घरात जागा नाही, ही दुसरी अडचण. मुंबईला परळच्या चाळीत बाबासाहेबांचे सारे कुटुंब एका खोलीत राहत होते. सुभेदार रामजी त्यांना लवकर निजवत आणि पहाटे दोनला अभ्यासाला उठवत, कारण त्या वेळी घर शांत असे. आम्ही दोनला उठवा म्हणत नाही, लेकरांना झोपही हवी. पण संध्याकाळी एक तास टी.व्ही. आणि मोबाईल बंद ठेवणे कुठल्याही खोलीत जमते.

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. आश्विन पौर्णिमेपर्यंत वस्तीवस्तीच्या विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. शाळेचेही हेच पहिले महिने. बहुतेक ठिकाणी एखादे सेवानिवृत्त गुरुजी किंवा नोकरदार बंधू वाचतात आणि बाकीचे ऐकतात. आमची सूचना अशी की, रोज एक पान आठवीतल्या मुलाला किंवा मुलीला वाचू द्यावे. अडखळले तर अडखळू द्या, हसू मात्र नका. साऱ्या वस्तीसमोर ज्याने मोठ्याने वाचले, त्याला वर्गात हात वर करायला भीती वाटत नाही. मुलींना तर ही संधी आधी द्यावी.

आता कागदपत्रांचे. सातवीच्या दाखल्यावरची चूक हायस्कुलाच्या रजिस्टरात जशीच्या तशी उतरते. जन्मतारीख, नावाचे अक्षर आताच तपासा. धर्म बौद्ध असला तरी जातीच्या रकान्यात मूळ अनुसूचित जातीची नोंद आहे का, तेही पाहा. ही नोंद नको वाटणाऱ्यांची भावना आम्ही समजतो. पण बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या त्या १९९० च्या दुरुस्तीने, आणि जातीचा दाखला त्या मूळ जातीवरूनच निघतो. लेकरू शाळेत आहे तोवर दुरुस्ती सोपी, नंतर हेलपाटे.

खेड्यातल्या मुलींना एस.टी.चा अहिल्याबाई होळकर योजनेचा पास मोफत आहे. आठवीतच एन.एम.एम.एस. ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा असते. लेकरू जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत असावे, घरचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावे आणि आपल्या लेकरांना सातवीत ५० टक्के गुण असावेत, एवढ्याच अटी. निवड झाली तर नववी ते बारावी दरसाल १२,००० रुपये मिळतात. फॉर्म शाळेतूनच भरतात. सर सांगतील म्हणून वाट पाहू नका. लातुरात आठवीपासूनच महागड्या क्लासेसच्या पाट्या दिसतात. ज्या लातूर पॅटर्नच्या नावावर त्या लागतात, तो राजर्षी शाहू महाविद्यालयात उभा राहिला तेव्हा त्याचे मर्म एवढेच होते की प्रश्नपत्रिका पुन्हा पुन्हा सोडवून घ्यायच्या. जुन्या प्रश्नपत्रिकांना काय पैसे पडतात?

आठवीपर्यंत कुणी नापास होत नाही, हा समजही आता सोडावा. २०२३ मध्ये राज्याने नियम बदलला. पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. नाही झाले तर फेरपरीक्षा, आणि तीही गेली तर पुन्हा तोच वर्ग.

शेवटी ऊसतोडीला जाणाऱ्या घरांविषयी. मुखेड, कंधार, जळकोटकडच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात, आणि आठवीतले पोरगे मुकादमाला अर्धा कोयता दिसू लागते. मागे राहणाऱ्या मुलांसाठी शासनाची हंगामी वसतिगृहाची योजना आहे. त्यासाठी शाळेने आधी यादी पाठवावी लागते. म्हणून मुकादमाकडून उचल घेण्यापूर्वी मुख्याध्यापकांना भेटून आपल्या लेकराचे नाव त्या यादीत घालायला सांगावे.