‘लोकांना त्यातलं काही कळत नाही’ म्हणे!

गावात हवामानबदलावर कार्यक्रम ठरला की आयोजकांपैकी कुणीतरी हमखास म्हणतं, ‘‘या लोकांना त्यातलं काही कळत नाही, पार मुळापासून शिकवावं लागेल.’’ मग पडद्यावर ध्रुवीय अस्वलं येतात, कार्बनचे आलेख येतात, मागच्या रांगा रिकाम्या होतात. आणि दोष गावाला!

वस्तुस्थिती पाहा. येल विद्यापीठ आणि सी-व्होटरच्या 2021-22 मधल्या भारतातील पाहणीत 54 टक्के लोकांनी जागतिक तापमानवाढीबद्दल ‘थोडंसंच माहीत आहे’ किंवा ‘कधी ऐकलं नाही’ असं सांगितलं. ती म्हणजे काय हे थोडक्यात सांगितल्यावर मात्र 84 टक्के लोक म्हणाले, हो, ती होते आहे. थोडक्यात सांगून भागलं. दीड तासाचं भाषण लागलं नाही.

मृगाचा भरवसा उरला नाही, दुबार पेरणीला बियाणं उधार आणावं लागतं, काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात जातं, हे शेतकऱ्याला कोण शिकवणार? तेव्हा आधी विचारा, ‘यंदा पेरणी मोडली का?’ त्याचं ऐकून घ्या आणि मग दुवा जोडा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांच्या 2017 मधल्या अभ्यासानुसार, 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. या पट्ट्यात महाराष्ट्रही येतो. हवा एका अंशानं तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते. म्हणून पडतो तेव्हा पाऊस धो धो पडतो.

बाकीचे गैरसमज झटपट:

‘दुष्काळ 72 सालीही पडला होता.’ पडला होता. म्हणून आजची तापमानवाढ खोटी ठरत नाही. 1901 ते 2018 दरम्यान भारताचं सरासरी तापमान सुमारे 0.7 अंश सेल्सिअसनं वाढलं, असं केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा 2020 चा अहवाल सांगतो.

‘ओझोनच्या भोकामुळे उकडतं.’ नाही. मुख्य कारण कोळसा, तेल आणि वायू जाळून निघणारा कार्बन डायऑक्साइड.

‘प्रत्येक गारपीट हवामानबदलामुळेच.’ असं ठोकून द्याल तर तुमचं खरंही कुणी मानणार नाही.

‘घाबरवलं की लोक जागे होतात.’ नुसतं घाबरवलं की लोक उठून जातात. शेततळं, रुंद वरंबा-सरी, पीक विमा यांवर बोला, बसून राहतील.

पुढच्या ग्रामसभेत हा विषय जरूर घ्या. फक्त माइक आधी शेतकऱ्याच्या हाती द्या. तज्ज्ञांनी नंतर बोलावं.