सामायिक गृहजालातील दूरस्थ प्रवेश : तांत्रिक रचना आणि सामूहिक जबाबदारी
विशेष संदर्भ – मुंबई उपनगरे

प्रस्तावना

मुंबईच्या उपनगरांत घर आणि कामाचे ठिकाण यांतील अंतर हा दैनंदिन जीवनाचा अविभाज्य भाग आहे. बोरिवलीहून चर्चगेटला किंवा मुलुंडहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जाणारी व्यक्ती दिवसाचे दहा-बारा तास घराबाहेर असते. तिचा संगणक आणि त्यातील हिशेब, प्रबंधाची टिपणे, घरातील कागदपत्रे मात्र घरीच राहतात. बाहेरून हा संगणक वापरता यावा, या गरजेतून जी व्यवस्था उभी राहते तिला दूरस्थ प्रवेश म्हणतात. २५ मार्च २०२० पासून लागू झालेल्या देशव्यापी टाळेबंदीत घरेच कार्यालये बनली आणि ही संकल्पना सर्वसामान्यांच्याही परिचयाची झाली.

उपनगरातील इंटरनेट जोडणी मात्र क्वचितच एकट्याची असते. एकत्र कुटुंब असो वा अंधेरीत भाड्याच्या सदनिकेत राहणारे तीन-चार नोकरदार तरुण असोत, एका राउटरवर सर्वांची उपकरणे चालतात. अशा जाळ्यात एकाने स्वतःसाठी उघडलेले दार हे प्रत्यक्षात सर्वांच्या घराचे दार असते. प्रस्तुत लेखात दूरस्थ प्रवेशाची तांत्रिक रचना आणि तिच्याशी निगडित सामूहिक जबाबदारी यांचे विवेचन केले आहे.

पार्श्वभूमी : २००८ चा धडा

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. पुढे २००५ मध्ये वाय-फायसाठी वापरली जाणारी २.४ गिगाहर्ट्‌झची कंपनपट्टी परवानामुक्त झाली आणि घरोघरी बिनतारी राउटर येऊ लागले. सोय आली, परंतु सावधगिरी आली नाही. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत झालेल्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी प्रसारमाध्यमांना पाठविण्यात आलेल्या ई-मेलचा माग नवी मुंबईतील सानपाडा येथील एका सदनिकेपर्यंत पोहोचला. तेथे राहणाऱ्या परदेशी नागरिकाच्या असुरक्षित वाय-फाय जोडणीचा इतरांनी गैरवापर केला होता. तथापि त्या व्यक्तीला चौकशीस सामोरे जावे लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये माटुंग्यातील एका महाविद्यालयाची, तर सप्टेंबरमध्ये दिल्लीतील स्फोटांच्या वेळी चेंबूरमधील एका कंपनीची जोडणी याच रीतीने वापरली गेली. त्यानंतर २००९ च्या प्रारंभी मुंबई पोलिसांनी असुरक्षित वाय-फाय जोडण्या शोधण्याची मोहीम हाती घेतली आणि दूरसंचार विभागाने इंटरनेट सेवादारांना वापरकर्त्यांची ओळख पटविण्यासंबंधी सूचना दिल्या.

या घटनांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. बाहेरच्या जगाला घरातील माणसे दिसत नाहीत, केवळ घराचा पत्ता दिसतो. त्या पत्त्यावरून जे घडते त्याची पहिली विचारणा जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडेच होते.

पत्त्यांची रचना

प्रत्येक राउटरला दोन बाजू असतात. आतील बाजूस तो घरातील उपकरणांना १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी पत्ते देतो. १९९६ मध्ये निश्चित झालेल्या संकेतानुसार असे पत्ते कोणत्याही घरात वापरता येतात. त्यामुळे घाटकोपरच्या आणि पुण्याच्या घरातील संगणकाचा आतील पत्ता एकच असू शकतो. बाहेरील बाजूस राउटरला सेवादाराकडून एक पत्ता मिळतो. घरातून बाहेर जाणाऱ्या विनंतीची नोंद राउटर ठेवतो आणि आलेले उत्तर योग्य उपकरणाकडे पोहोचवतो. मात्र बाहेरून आपणहून आलेली विनंती कोणाकडे न्यावी हे त्याला ठाऊक नसते, म्हणून तो ती नाकारतो. सोसायटीच्या फाटकावर पहारेकऱ्याने सदनिका क्रमांक न सांगणाऱ्या पाहुण्यास थांबवावे, तसाच हा प्रकार आहे.

जुन्या पद्धतीच्या पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी आहे. त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. परिणामी अनेक सेवादार शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात. या व्यवस्थेसाठी २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते राखून ठेवण्यात आले. राउटरच्या माहितीपानावरील बाह्य पत्ता या मर्यादेत असेल, किंवा बाहेरील संकेतस्थळ दाखवीत असलेल्या पत्त्याहून वेगळा असेल, तर घराच्या फाटकाबाहेर आणखी एक फाटक आहे असे समजावे. अशा स्थितीत स्वतःच्या राउटरमध्ये कितीही बदल केले तरी जुन्या पत्त्यावरून बाहेरची विनंती घरापर्यंत येत नाही. सेवादाराने दिलेल्या पेटीला स्वतःचा दुसरा राउटर जोडला असल्यासही हीच अडचण घरातल्या घरात निर्माण होते. म्हणून ही तपासणी सर्वप्रथम करणे इष्ट ठरते.

प्रवेशाचे तीन मार्ग

पहिला मार्ग पोर्ट उघडण्याचा. संगणकाचा आतील पत्ता राउटरमध्ये कायम करून, विशिष्ट क्रमांकाच्या पोर्टवर येणारी विनंती त्या संगणकाकडे वळविली जाते. हा मार्ग सोपा आहे आणि सर्वांत धोकादायकही आहे. विंडोजच्या दूरस्थ डेस्कटॉप सेवेचे ३३८९ हे पोर्ट जगभरातील स्वयंचलित प्रणाली अखंड चाचपत असतात. मे २०१९ मध्ये या सेवेच्या जुन्या आवृत्त्यांत ‘ब्लूकीप’ नावाचा दोष उघड झाला. त्याद्वारे संकेतशब्दाशिवायही संगणकाचा ताबा घेणे शक्य होते. पोर्टचा क्रमांक बदलल्याने दार लपते, बंद होत नाही.

दुसरा मार्ग खासगी आभासी जाळ्याचा, म्हणजे व्हीपीएनचा. यात बाहेरील लॅपटॉप आणि घर यांच्यामध्ये कूटबद्ध बोगदा तयार होतो. ‘ओपनव्हीपीएन’ आणि ‘वायरगार्ड’ या प्रणाली त्यासाठी विनामूल्य उपलब्ध आहेत. वायरगार्डमध्ये प्रत्येक उपकरणास स्वतंत्र किल्ली असते आणि अनोळखी संदेशास ती प्रणाली उत्तरच देत नाही. यासाठीही एक पोर्ट उघडावे लागते, परंतु त्यामागे थेट संगणक नसून किल्ली तपासणारा पहारा असतो. घराचा बाह्य पत्ता बदलत राहत असल्यास त्यास स्थिर नाव देणारी गतिमान नामसेवा जोडावी लागते.

तिसरा मार्ग मध्यस्थ सेवेचा. घरातील संगणक स्वतःहून बाहेरच्या सेवेशी जोडलेला राहतो आणि प्रवासातील व्यक्तीही तेथेच येऊन त्याला भेटते. सामायिक पत्त्यामागील घरांना हा मार्ग उपयुक्त ठरतो. मात्र त्यात मध्यस्थावर विश्वास ठेवावा लागतो आणि त्या खात्याचा संकेतशब्द हीच घराची किल्ली बनते. म्हणून तेथे द्विस्तरीय पडताळणी अनिवार्य मानावी. याशिवाय सेवादाराकडून शुल्क भरून स्थिर सार्वजनिक पत्ता घेणे किंवा नव्या पद्धतीच्या, म्हणजे सहाव्या आवृत्तीच्या पत्त्याचा उपयोग करणे, हे पर्यायही उपलब्ध असतात.

कोणताही मार्ग स्वीकारला तरी चाचणी घरच्या वाय-फायवरून न करता मोबाइलच्या डेटावरून करावी. अन्यथा आतून मिळालेले यश बाहेरचे समजले जाते. तसेच वीज गेल्यानंतर संगणक आपोआप सुरू होईल अशी तजवीज असावी. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगरातील वीजपुरवठा काही तास खंडित झाला होता. अशा प्रसंगी बंद पडलेला संगणक कोणी सुरू केला नाही, तर सर्व रचना निरुपयोगी ठरते.

सामायिकतेचे नियम

तांत्रिक यश मिळाल्यानंतर खरा प्रश्न सुरू होतो. बोगद्यातून घरात शिरलेल्या व्यक्तीस केवळ स्वतःचा संगणक दिसतो असे नाही. सहनिवाशाचा लॅपटॉप, प्रिंटर, वृद्धांच्या खोलीतील कॅमेरा हेही त्याच जाळ्यात असतात. यास्तव बोगदा जेथे संपतो तेथील फायरवॉलमध्ये, केवळ ठरलेल्या एकाच संगणकापर्यंत जाता येईल असे बंधन घालावे. कॅमेरे व इतर उपकरणांसाठी राउटरचे पाहुण्यांचे वेगळे जाळे वापरावे. उपकरणांना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय आणि राउटरचे बाहेरून होणारे व्यवस्थापन बंद ठेवावे. २०१६ मध्ये ‘मिराई’ या दुष्ट प्रणालीने कारखान्यातून आलेले संकेतशब्द न बदललेली असंख्य उपकरणे ताब्यात घेतली होती, हे येथे लक्षात घ्यावे.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या कलम ४३ मध्ये संगणक किंवा जाळ्याच्या मालकाची अथवा ते ज्याच्या ताब्यात आहे त्याची परवानगी ही बाब केंद्रस्थानी आहे. म्हणजेच आपल्या संगणकात शिरण्याचा अधिकार असला, तरी त्यामुळे शेजारच्या खोलीतील संगणकात डोकावण्याचा अधिकार मिळत नाही. जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याची आणि सर्व सहनिवाशांची पूर्वसंमती घेणे, कोणता मार्ग का उघडला याची लेखी नोंद ठेवणे आणि गरज संपताच तो बंद करणे, ही किमान शिस्त ठरते. भाड्याच्या घरांत अकरा महिन्यांच्या करारागणिक माणसे बदलतात. जाणाऱ्याने घराची किल्ली परत करावी हे सर्वांस ठाऊक असते. त्याच दिवशी त्याची व्हीपीएनची किल्ली रद्द करणे आणि वाय-फाय व राउटरचे संकेतशब्द बदलणेही तितकेच आवश्यक आहे.

निष्कर्ष

दूरस्थ प्रवेशामुळे उपनगरवासीयांचा वेळ वाचतो आणि घरातील साधनसंपत्तीचा उपयोग वाढतो, यात शंका नाही. परंतु सामायिक जाळ्यात ही सोय वैयक्तिक राहत नाही. प्रवेशाचा मार्ग शक्य तितका अरुंद असणे, त्यावर किल्लीचा पहारा असणे आणि तो घरातील सर्वांच्या माहितीतला असणे, या तीन अटी पूर्ण झाल्या तरच तो स्वीकारार्ह मानावा. २००८ मध्ये ज्यांच्या जोडण्यांचा गैरवापर झाला त्यांनी कोणालाही दार उघडून दिले नव्हते. दाराकडे लक्ष देणे तेवढे राहून गेले होते. आज तेच दार जाणीवपूर्वक उघडले जात असल्याने त्यावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी अधिक वाढते.